एलएमएस निवडताय? फीचर्सची यादी ठेवा बाजूला, एकच धडा चार ठिकाणी लावून बघा

"मॅडम मी पाठवलंय, वर बघा." ज्याने कधी व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ घेतलाय त्याला हे वाक्य पाठ असणार. वर म्हणजे नक्की कुठे वर, तर दोनशे मेसेजच्या वर, तीन गुड मॉर्निंग आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या पलीकडे, आडवा आलेला वहीचा एक फोटो, त्यावर नाव नाही, रोल नंबर नाही. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावी कॉमर्सला पुस्तपालन (म्हणजे हिशेब लिहिणं, बुककीपिंग) शिकवते, वर्गात ७२ मुलं, आणि हे असं दीड वर्ष काढल्यावर एकदाचं ठरवलं की काहीतरी नीट एलएमएस घ्यायचं. एलएमएस म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, सोप्या भाषेत नोट्स, गृहपाठ, चाचणी आणि मार्क हे सगळं एका ठिकाणी ठेवणारी ऑनलाइन वर्गखोली.

मग नेटवर शोधलं तर सगळीकडे तेच मोठमोठे तक्ते, या खान्यात बरोबरची खूण, त्या खान्यात फुली. त्या तक्त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. कारण "क्विझ" समोर सगळ्यांच्याच बरोबरची खूण असते, पण मुलाने "तेरीज" (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, ट्रायल बॅलन्स) ऐवजी "तेरिज" लिहिलं तर काय होतं हे कुठल्याच तक्त्यात नसतं. म्हणून मी एकच धडा घेतला आणि तोच गूगल क्लासरूम, मूडल, कॅनव्हास आणि मायक्रोसॉफ्टचं टीम्स या चार एलएमएसमध्ये लावून बघितला. तुम्हीही तसंच करा, दोन रविवार जातील पण नंतरचं वर्ष वाचेल.

पायरी १ : आधी कागदावर पाच गोष्टी लिहा

कॉम्प्युटर नंतर, आधी पेन. मुलं किती आणि वयं काय. फोन कोणाचा, मुलाचा स्वतःचा की संध्याकाळी वडील कामावरून आले की मिळणारा. कॉलेजने दिलेले ईमेल आयडी आहेत का प्रत्येकाचं आपापलं जीमेल. तुम्हाला तपासायचं काय आहे, टाइप केलेली उत्तरं की वहीत लिहिलेली. आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं, पासवर्ड विसरलेल्या मुलाचा फोन रात्री नऊ वाजता कोण उचलणार.

माझी उत्तरं अशी होती : ७२ मुलं, निम्म्याहून जास्त फोन घरात सामायिक, आयडी आपापले, तपासायची वही (रोजकीर्द म्हणजे व्यवहारांची तारीखवार नोंद आणि खतावणी म्हणजे खातेवार नोंद, ही मोबाइलवर टाइप करायला सांगणं म्हणजे छळ आहे, तो रकान्यांचा खेळ वहीतच होतो), आणि फोन उचलणार मीच. या पाच उत्तरांनीच अर्धी निवड होऊन गेली, पुढचं वाचलंत की कळेल.

अजून एक, मुलं १८ च्या आतली असतील तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ती मुलंच धरली आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा मुद्दा येतो. पालकसभेत एक साधा फॉर्म भरून घ्या, कुठलं ॲप, कशासाठी, काय माहिती जाणार एवढं लिहून. आणि नवीन ॲप मुलाचा आधार नंबर मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

पायरी २ : एक धडा, एक चाचणी, दहा वह्या

चाचणीचा धडा छोटा पण खरा घ्या. मी तेरीज हा धडा घेतला. एक पाच पानी पीडीएफ, एक यूट्यूबची लिंक, एक वहीत सोडवायचं उदाहरण आणि दहा प्रश्नांची चाचणी, त्यात सहा बहुपर्यायी, दोन रिकाम्या जागा, दोन रक्कम काढायचे. बस.

इथे आपल्याकडची एक खास अडचण. तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टात असतील तर त्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पेस्ट केल्या की अक्षरांचा नुसता काला होतो. आधी कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही फोनवर नीट दिसणारी अक्षरं) करून घ्या, आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, र्‍य, त्र, ज्ञ, क्ष इथे कन्व्हर्टर हमखास गडबडतात. हे काम कुठलंही एलएमएस घेतलं तरी करावंच लागणार आहे, म्हणून पहिल्या रविवारीच उरका.

पायरी ३ : गूगल क्लासरूम

२०१४ साली आलेलं, सगळ्यात ओळखीचं. आधी फक्त संस्थांसाठी होतं, २०१७ पासून साध्या जीमेलवरही चालतं. साध्या जीमेलवर काढलेल्या वर्गात २५० जण मावतात, माझ्या ७२ ला भरपूर. पण कॉलेज म्हणून सगळ्यांनी वापरायचं असेल तर गूगलचं एज्युकेशन फंडामेंटल्स घ्या, मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थेला ते फुकट मिळतं, फक्त कॉलेजचं स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) लागतं आणि पडताळणी होते. फायदा काय, तर आयडी तुमच्या हातात, मुलगा पासवर्ड विसरला की तुम्हीच बदलून देऊ शकता, आणि अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी जागा. साध्या जीमेलवर १५ जीबी, आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह, घरातल्या लग्नाचे फोटो सगळं एकत्र.

करायचं असं : वर्ग तयार करा, नावात वर्ष आणि तुकडी टाका, नाहीतर पुढच्या वर्षी दोन "अकरावी ब" दिसतील. मग लगेच सेटिंगमध्ये जाऊन स्ट्रीमवर (वर्गाच्या सूचनाफलकावर) फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल असं करा, नाहीतर तिथेही केक येतो. क्लासवर्कमध्ये "तेरीज" नावाचा टॉपिक, त्यात मटेरियल म्हणून पीडीएफ आणि लिंक, असाइनमेंट म्हणून वहीचं उदाहरण, क्विझ असाइनमेंट म्हणून गूगल फॉर्म. मुलांना वर्गाचा कोड द्या, सगळी आत आली की कोड बंद करा.

असाइनमेंटला फाइल जोडताना तीन पर्याय येतात, मुलांना फक्त बघता येईल, सगळ्यांना एकाच फाइलमध्ये लिहिता येईल, किंवा प्रत्येकाला वेगळी प्रत. मधला पर्याय चुकून निवडलात तर ७२ मुलं एकाच कागदावर तुटून पडतात, माझ्याकडे झालंय, पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी सगळंच डिलीट केलं होतं. चूक माझीच, पण हसू आजही येतं.

आणि मार्क दिले म्हणजे मुलाला दिसले असं नाही हं. तुम्ही लिहिता तो आकडा ड्राफ्टमध्ये असतो, "रिटर्न" दाबल्याशिवाय तो मुलापर्यंत पोचतच नाही.

दुबळी बाजू सांगायची तर चाचणी. गूगल फॉर्म हा मुळात फॉर्म आहे, परीक्षेचं यंत्र नाही. प्रश्नपेढी ठेवून त्यातून प्रत्येकाला वेगळे प्रश्न काढून देणं फॉर्म आपणहून करत नाही, प्रश्नांचा क्रम तेवढा फिरवता येतो. लॉक मोड (चाचणी चालू असताना दुसरं काही उघडू न देणारी सोय) आहे म्हणतात ते शाळेने नियंत्रित केलेल्या क्रोमबुक लॅपटॉपवर, मुलांच्या मोबाइलवर नाही.

पायरी ४ : मूडल

मूडल हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामस यांनी सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ ची, म्हणजे क्लासरूमपेक्षा बारा वर्षं मोठं. ओपन सोर्स आहे, सॉफ्टवेअरला पैसे नाहीत. आयआयटी मुंबईतही मूडलच चालतं. पण फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सगळं नाही, ते ठेवायला सर्व्हर लागतो, अपडेट करायला माणूस लागतो, बॅकअप घ्यायला शिस्त लागते. विहीर फुकट मिळाली तरी मोटर आणि वीजबिल आपलंच.

आधी सर्व्हर घेऊ नका. मूडलचीच सँडबॉक्स नावाची डेमो साइट आहे, तिथे शिक्षक म्हणून आत शिरा आणि खेळा. फक्त दर तासाला ती साइट पुसून कोरी होते, म्हणून सगळे प्रश्न आधी एका टेक्स्ट फाइलमध्ये तयार ठेवायचे आणि आत गेल्यावर इम्पोर्ट करायचे.

इम्पोर्टसाठी एकेन नावाचा सगळ्यात सोपा प्रकार आहे. पहिल्या ओळीत प्रश्न, खाली एकेका ओळीत पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. प्रश्न आणि पर्याय मराठीत चालतात, पण पर्यायांपुढची अक्षरं अ, ब, क, ड नाही चालत, इंग्रजी कॅपिटल ए, बी, सी, डी लागतात, आणि शेवटच्या ओळीतला "ॲन्सर" हा शब्दही इंग्रजी कॅपिटलमध्येच. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर परत प्रश्नचिन्हांची रांग. मी पहिल्यांदा अ, ब, क, ड लिहून चाळीस प्रश्न चढवायला गेले आणि एकही आत गेला नाही, अर्धा तास वाटत होतं नेटच बंद पडलंय.

पण एकदा का प्रश्नपेढी बसली की मग मूडलचा हात कोणी धरू शकत नाही. रोजकीर्दचे ६०, तेरीजचे ४० असे प्रश्न प्रकारात लावून ठेवायचे आणि चाचणीला सांगायचं की यातले पाच आणि त्यातले पाच काढ, प्रत्येक मुलाला वेगळा संच. मुलाची रेंज मध्येच गेली तरी तोवर लिहिलेली उत्तरं वाचतात, कारण ती दर मिनिटाला आपोआप सेव्ह होत असतात, ही मूळ सेटिंग आहे. एखाद्याला ताप आला तर फक्त त्याच्यासाठी वेगळी तारीख किंवा जास्त वेळ देता येतो. मागचा भाग पुरा केल्याशिवाय पुढचा उघडू नये असंही करता येतं. आणि मोबाइल ॲपमध्ये अख्खा भाग डाउनलोड करून ठेवता येतो, एसटीत बसून विना नेट वाचता येतो.

सर्व्हर घेणार असाल तर होस्टिंगवाल्याला हे तीन प्रश्न विचाराच : क्रॉन दर मिनिटाला चालेल का (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा प्रोग्राम, तो चालला नाही तर नोटिफिकेशन आणि बरीच पडद्यामागची कामं अडकतात), एका फाइलची अपलोड मर्यादा किती, आणि घोस्टस्क्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर बसवलंय का, कारण त्याशिवाय मुलाच्या पीडीएफवर लाल पेनने खुणा करता येत नाहीत. समोरचा नुसता "हो हो सगळं होतं" म्हणाला की समजा त्याला माहीत नाही.

पायरी ५ : कॅनव्हास आणि टीम्स, थोडक्यात

कॅनव्हास अमेरिकेतल्या इन्स्ट्रक्चर कंपनीचं, २०११ पासून आहे, शिक्षकांसाठी फुकट खातं मिळतं. दिसायला देखणं, मॉड्यूलची मांडणी सुटसुटीत, आणि स्पीडग्रेडर म्हणून जो तपासायचा स्क्रीन आहे ना तो खरंच आवडला, डावीकडे मुलाचा पेपर उजवीकडे मार्क, पुढचा बाण, पुढचा पेपर. विद्यार्थ्यांचं ॲप वेगळं आणि शिक्षकांचं वेगळं, मुलांना हे आधी सांगा, माझ्या चाचणीतल्या एका मुलाने शिक्षकाचंच ॲप उतरवलं आणि गृहपाठ कुठे दिसेना म्हणून बसला. आपल्याकडे आजूबाजूला वापरणारे कमी, त्यामुळे अडलं तर शेजारच्या सरांना विचारायची सोय नाही, माझ्या मते हाच मोठा तोटा.

टीम्स तुमच्या कॉलेजने मायक्रोसॉफ्टचं शैक्षणिक खातं घेतलं असेल तरच. पात्र संस्थेला ए१ प्लॅन फुकट आहे, पण एकट्या शिक्षकाला स्वतःच्या आउटलुक खात्यावर क्लास टीम काढता येत नाही. असेल तर वननोटची क्लास नोटबुक झकास आहे, प्रत्येक मुलाची वेगळी वही तुम्हाला उघडून बघता येते. पण जुन्या फोनवर ॲप जड वाटतं.

आणि दीक्षा? तिला या रांगेत उभं करू नका. २०१७ ला आलेली सरकारी साइट, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की तिथलं साहित्य उघडतं, ते उत्तम आहे, त्याची लिंक आपल्या वर्गात जोडा. तुमच्या ७२ वह्या गोळा करायला मात्र ती नाही.

पायरी ६ : आता मूल होऊन बघा

शिक्षक म्हणून लॅपटॉपवर सगळं छानच दिसतं. आता घरातला सगळ्यात जुना फोन काढा, वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, दुसऱ्या ईमेलने विद्यार्थी म्हणून आत जा. ॲप उतरवण्यापासून वहीचा फोटो जमा होईपर्यंत किती वेळ लागला आणि किती एमबी गेले ते लिहा. डेटा किती गेला ते फोनच्या सेटिंगमध्ये ॲपवार दिसतं.

इथेच "तेरिज" भेटतं. मी रिकाम्या जागेचं उत्तर "तेरीज" ठेवलं होतं, पाच मुलांना चाचणी द्यायला बसवलं, तिघांनी "तेरिज" लिहिलं आणि तिघांना शून्य. रकमेत तर कहरच, मी "15000" ठेवलेलं, एकाने "१५०००" लिहिलं, दुसऱ्याने "15,000", तिसऱ्याने "रु. १५०००/-". हिशेब तिघांचाही बरोबर, मशीनच्या लेखी तिघंही नापास! मशीन अक्षर जुळवतं, अर्थ नाही.

उपाय असे. फॉर्म आणि मूडल दोन्हीत एका प्रश्नाला अनेक बरोबर उत्तरं देता येतात, ती सगळी रूपं भरा. मूडलच्या शॉर्ट आन्सरमध्ये चांदणीचं चिन्ह टाकलं की त्या जागी काहीही चालतं. रकमेच्या प्रश्नाखाली ठळक लिहा की इंग्रजी आकडे, स्वल्पविराम नको, रुपयाचं चिन्ह नको. आणि जिथे शुद्धलेखन तपासायचंच नाही तिथे सरळ पर्याय द्या ना, कशाला तो र्‍हस्वदीर्घाचा वाद. मराठीच्या सरांना मात्र हीच गोष्ट वरदान वाटली, ते म्हणाले मला हेच पाहिजे होतं.

पायरी ७ : घड्याळ लावून दहा वह्या तपासा

मित्रमैत्रिणींना, भाच्यांना पकडा, दहा वह्यांचे फोटो जमा करायला लावा आणि वेळ लावून तपासा. फाइल उघडायला किती, खूण करायला किती, मार्क देऊन पुढच्या मुलाकडे जायला किती. एका वहीमागे एक मिनिट जास्त गेलं तर ७२ वह्यांना तासाहून जास्त, आणि हे दर आठवड्याला.

यात अर्धा वेळ वाचतो तो सुटे फोटो बंद केल्याने. मुलांना फोनमधल्या गूगल ड्राइव्हचं स्कॅन बटण शिकवा, सहा पानांची एकच सरळ पीडीएफ होते. नियम करा, सुटे फोटो आले तर परत. पहिल्या आठवड्यात कुरकुर होते मग गप.

पायरी ८ : बाहेरचं दार आधी शोधा

एडमोडो आठवतंय का कुणाला? २००८ पासून चालू होतं, जगभरचे शिक्षक वापरायचे, सप्टेंबर २०२२ ला बंद. कुठलंही फुकट ॲप उद्या असंच जाऊ शकतं. म्हणून आत पाऊल टाकायच्या आधीच आपला माल बाहेर कसा काढायचा ते करून बघा.

मूडलमध्ये अख्ख्या कोर्सची एक बॅकअप फाइल निघते, ती दुसऱ्या मूडलवर चढवता येते, प्रश्नपेढी वेगळी काढता येते. कॅनव्हासचाही कोर्स एक्स्पोर्ट होतो. क्लासरूममधले मार्क शीटमध्ये उतरवता येतात, फाइली ड्राइव्हमध्येच असतात, आणि पुढच्या वर्षी वर्गाची प्रत काढली की टॉपिक आणि असाइनमेंट येतात, मुलं येत नाहीत, म्हणजे बरोब्बर पाहिजे तसं. मला हे शहाणपण उशिरा आलं. आधी वापरत असलेल्या एका ॲपवर मी दोन वर्षांचे प्रश्न थेट तिथेच टाइप केले होते, एक्स्पोर्टचं बटणच नव्हतं, शेवटी स्क्रीनशॉट काढून परत टाइप केले, दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हापासून प्रश्न आधी माझ्या फाइलमध्ये, मग एलएमएसवर.

मग घ्यायचं काय

एकटे शिक्षक असाल, मुलांचे आपापले आयडी, तपासायच्या वह्या, तर गूगल क्लासरूम, डोळे झाकून. कॉलेजमधले निदान चार-पाच जण एकत्र येणार असतील, बहुपर्यायी चाचण्या भरपूर असतील, सीईटीची तयारी करून घेत असाल आणि सर्व्हर बघणारा एक भरवशाचा माणूस असेल तर मूडल. तो माणूस नसेल तर मूडलच्या नादी लागू नका, किंवा पैसे देऊन मूडलक्लाउड (सर्व्हर मूडलवालेच सांभाळतात ते) घ्या. कॉलेजकडे मायक्रोसॉफ्ट आधीपासून असेल तर वेगळं काही आणू नका, मुलांना दोन पासवर्ड म्हणजे दोन संकटं. मी स्वतः रोजचं काम क्लासरूमवर करते आणि प्रश्नपेढी टेक्स्ट फाइलमध्ये साठवत चाललेय, ५०० झाले की प्राचार्यांकडे मूडलचा विषय काढणार.

मुलांसाठी चार शब्द

क्लासरूममध्ये फाइल न जोडता "मार्क ॲज डन" दाबू नका, मॅडमला रिकामं पाकीट मिळतं. फाइल जोडली की "टर्न इन" (काही फोनवर "हँड इन") दाबायचंच, नुसती जोडून ठेवली तर जमा होत नाही. मूडलमध्येही काही शिक्षक वेगळं सबमिटचं बटण ठेवतात, ते दाबेपर्यंत सगळं ड्राफ्टच राहतं. फाइलच्या नावात रोल नंबर आधी. ॲपचं नोटिफिकेशन चालू ठेवा आणि फोन घरात सामायिक असेल तर खातं कुणाचं उघडलंय ते बघा, दादाच्या खात्यातून जमा केलेला गृहपाठ दादाच्या नावावर जातो, आणि दादा बी.कॉम.ला आहे.

शिक्षकांनो, मुदत रात्री ११:५९ ची ठेवू नका, ज्यांना फोनच रात्री मिळतो त्यांच्यावर अन्याय होतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची ठेवते.

सुरुवात कशी करायची, तर पहिला गृहपाठ बिनमार्कांचा. वर्गातच, तासाला, वहीच्या पहिल्या पानाची पीडीएफ करून जमा करा, बास एवढंच. फोन आणायची परवानगी आदल्या दिवशी घ्या. जी पाच-सहा मुलं पटकन करतील त्यांना प्रत्येकी एक बाक वाटून द्या, ती बाकीच्यांना तुमच्यापेक्षा लवकर शिकवतात. आमच्याकडे ४५ मिनिटांच्या तासात ७२ पैकी ६१ जणांचं जमा झालं, उरलेल्या अकरापैकी चौघांच्या फोनमध्ये जागाच नव्हती, गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट केल्यावर झालं.